मास्पेरो, ९ ऑक्टोबर २०११: एका संध्याकाळचं प्रकरण

इजिप्तच्या क्रांतीचा विषय निघाला की आपण सगळे तहरीर चौकापासून सुरू करतो आणि ११ फेब्रुवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले तिथं थांबतो. मीही बरीच वर्षं तेवढंच धरून होतो. पण त्या क्रांतीनं तिथल्या समाजात, टीव्ही-पेपरात, लोकांच्या चारचौघातल्या वागण्याबोलण्यात नेमकं काय हललं आणि काय होतं तसंच राहून गेलं हे बघायचं असेल, तर मुबारक गेल्यावर आठ महिन्यांनी कैरोत आलेली एक संध्याकाळ बघावी लागते. ९ ऑक्टोबर २०११, रविवार. जागा मास्पेरो. रस्त्यावर माणसं मरत होती आणि त्याच रस्त्याला लागून असलेल्या बिल्डिंगमधून देशाला सांगितलं जात होतं की मरतायत ते आपले जवान, त्यांना वाचवायला या.

आधी ती बिल्डिंग

मास्पेरो हे खरं तर एका फ्रेंच माणसाचं नाव, गास्तों मास्पेरो, इजिप्तच्या प्राचीन वास्तूंचा मोठा अभ्यासक. त्याच्या नावाचा रस्ता नाईलच्या काठाला होता, तिथं सरकारी रेडिओ-टीव्हीची इमारत उभी राहिली आणि मग इमारतीलाच ते नाव चिकटलं. खाली गोलाकार घेर, मधून वर गेलेला मनोरा. १९६० च्या जुलैत नासरच्या काळात इथून टीव्ही सुरू झाला. आपलं आकाशवाणी आणि दूरदर्शन एका छताखाली आणलं आणि त्यावर थेट मंत्र्याचा हात ठेवला तर जे होईल तसं काहीतरी क्रांतीच्या वेळी होतं, आणि नोकरीला ४० हजारांच्या वर माणसं. तहरीरपासून चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं.

या सरकारी मीडियाची सवय काय होती ते सांगायला एकच गोष्ट पुरे. सप्टेंबर २०१० मध्ये व्हाइट हाउसमध्ये ओबामा, नेतान्याहू, अब्बास, जॉर्डनचे राजे आणि मुबारक चालत येतायत असा फोटो होता, ओबामा पुढे आणि मुबारक एका बाजूला मागे. अल-अहराम या सरकारी पेपरनं तो छापताना मुबारकना उचलून सगळ्यांच्या पुढे आणून ठेवलं. पकडलं गेल्यावर संपादकांनी माफी मागितली नाही, उलट त्याचं समर्थन केलं.

लोकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. गच्चीगच्चीवर डिश लागलेल्या होत्या, अल जझीरा घरोघरी दिसत होतं, अल-मसरी अल-यौमसारखे खासगी पेपर होते. आणि जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालेद सईद या तरुणाला पोलिसांनी मारून टाकलं तेव्हा सरकारी शवविच्छेदनाचा अहवाल म्हणाला की तो अमली पदार्थाची पुडी घशात अडकून गेला, आणि इकडे त्याच्या फोडलेल्या चेहऱ्याचा फोटो फेसबुकवर लाखो लोकांनी बघितला होता. हा अहवाल लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

अठरा दिवस

२५ जानेवारी २०११ ला लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी अल-अहरामच्या पहिल्या पानावर मोठी बातमी लेबनॉनमधल्या निदर्शनांची. २८ तारखेला इंटरनेट बंद, मोबाइल बंद. माझं मत असं की सरकारची ही सगळ्यात मोठी चूक होती, कारण घरात बसून काही कळेनासं झालं तेव्हा काय चाललंय ते बघायला, पोरगा कुठंय ते शोधायला जास्तच लोक बाहेर पडले. सरकारी टीव्हीवर तेव्हा काय दिसत होतं? नाईल, पूल, शांतपणे जाणाऱ्या गाड्या. तहरीरमधले लोक परदेशी एजंट आहेत, त्यांना केंटकीची, म्हणजे केएफसीच्या चिकनची, पाकिटं वाटली जातायत अशा गोष्टी पसरवल्या गेल्या, आणि चौकातली माणसं हातातला पाव कॅमेऱ्यासमोर धरून म्हणायची हे बघा आमचं केंटकी. ३ फेब्रुवारीला नाईल टीव्हीच्या शाहिरा अमीन कामावर न जाता तहरीरमध्ये गेल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. खोटं वाचायचं नाही म्हणून नोकरी सोडणारी माणसं आतही होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग १२ फेब्रुवारीचा अल-अहराम: जनतेनं राजवट पाडली. एका रात्रीत. ज्या पेपरनं अठरा दिवसांपूर्वी लेबनॉन छापलं होतं त्यानंच. बऱ्याच लोकांना तेव्हा वाटलं की मीडियाही मुक्त झाला. माहितीमंत्री तुरुंगात गेले, माहिती मंत्रालयच रद्द झालं, नवी चॅनलं आली, नवे पेपर आले, बासेम युसूफ नावाचा हार्ट सर्जन घरातल्या एका कोपऱ्यात कॅमेरा लावून यूट्यूबवर टीव्हीवाल्यांची खिल्ली उडवायला लागला आणि लाखो लोक बघायला लागले. हे सगळं खरं होतं. पण मास्पेरोत काय झालं? मुबारकनंतर सत्ता हातात घेतलेल्या लष्करी कौन्सिलचा जनरल देखरेखीला बसला. जुलैत मंत्रालय परत आलं. त्याच महिन्यांत लष्कर आपली पत्रकं फेसबुकवर टाकत होतं, म्हणजे लोकांचं हत्यार लष्करानंही उचललं, आणि मायकल नबील नावाच्या ब्लॉगरनं लष्कर आणि जनता कधीच एक नव्हते असं लिहिलं म्हणून त्याला लष्करी कोर्टानं ३ वर्षं दिली. फेब्रुवारीत चौकात घोषणा होती 'अल-गैश वल-शाअब ईद वाहदा', लष्कर आणि जनता एकच हात. ऑगस्ट संपेपर्यंत जवळपास १२ हजार सामान्य नागरिक लष्करी कोर्टांपुढे उभे केले गेले होते. या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत आणि त्या शेजारी ठेवल्याशिवाय ऑक्टोबर समजत नाही.

मारिनाबहून शुब्रापर्यंत

कॉप्टिक ख्रिश्चन म्हणजे इजिप्तच्या लोकसंख्येतले साधारण दहा टक्के. तेव्हा चर्च बांधायचं किंवा नुसतं दुरुस्त करायचं तरी परवानग्यांचं जंजाळ होतं, त्याची मुळं ऑटोमन काळातल्या १८५६ च्या फर्मानापर्यंत जातात. मशिदीला तसं नव्हतं. त्यामुळे गावोगाव अशी परिस्थिती की लोक कुठल्यातरी घरात प्रार्थना करतात, मग ते वाढवायला घेतात, मग गावात कुणीतरी म्हणतं हे बेकायदा आहे आणि जमाव येतो. क्रांतीच्या आधी, १ जानेवारी २०११ ला मध्यरात्र उलटल्यावर अलेक्झांड्रियातल्या चर्चबाहेर बॉम्ब फुटून वीसहून जास्त माणसं गेली होती. आणि त्यानंतर साधारण महिन्याभरात तहरीरमध्ये मुसलमान नमाज पढतायत आणि ख्रिश्चन हात धरून त्यांच्याभोवती कडं करून उभे आहेत हे जगानं बघितलं. क्रॉस आणि चंद्रकोर एकत्र, १९१९ च्या उठावात होतं तसं. ते फोटो दिखाव्याचे होते असं मला आजही वाटत नाही.

पण चौकातला भाऊ आणि गावातला शेजारी यात अंतर राहिलं. मार्चमध्ये एका गावातलं चर्च जाळलं गेलं तेव्हा कॉप्ट तरुण मास्पेरोसमोर येऊन बसले. चर्चच्या आवारात नाही, मास्पेरोसमोर. यात मोठा बदल आहे. तोपर्यंत कॉप्ट लोक आपलं गाऱ्हाणं त्यांच्या चर्चच्या प्रमुखाच्या, म्हणजे कॉप्टिक पोपच्या आवारात, अब्बासियाच्या कॅथेड्रलमध्ये मांडायचे आणि पोप शेनुदा त्यांच्या वतीनं राष्ट्राध्यक्षांशी बोलायचे. आता ही पोरं चर्चच्या भिंतीबाहेर आली, नागरिक म्हणून, आणि त्यांनी जागा निवडली ती टीव्हीची, कारण आपली बातमी तिथून दिली जात नाही ही त्यांची पहिली तक्रार होती.

३० सप्टेंबरला अस्वान प्रांतातल्या मारिनाब गावात चर्चवर जमाव गेला. गव्हर्नरनं टीव्हीवर सांगितलं की ते चर्च नव्हतंच, पाहुण्यांसाठीचं घर होतं. ४ ऑक्टोबरला मास्पेरोसमोर निदर्शनं झाली ती रात्री मारझोड करून उठवली, एका माणसाला घेरून मारतानाची क्लिप सगळीकडे फिरली. त्याचा निषेध म्हणून ९ तारखेचा मोर्चा. शुब्रा या मिश्र वस्तीच्या भागातून निघाला, बायका, म्हातारी माणसं, पोरं, क्रॉस घेतलेले लोक, आणि सोबत बरेच मुसलमान कार्यकर्तेही. वाटेतच दगडफेक झाली तरी लोक चालत राहिले आणि अंधार पडायच्या सुमारास मास्पेरोला पोचले.

तिथं काय झालं

पोचल्यावर थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला आणि लष्कराच्या चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या. नागमोडी, वेगानं, फुटपाथवरही चढल्या. लोकांच्या अंगावरून गेल्या. याचं फुटेज आहे, वेगवेगळ्या कोनातून, वेगवेगळ्या फोनवरचं. २७-२८ माणसं मेली, बहुतेक सगळे कॉप्ट, शेकडो जखमी. मृतांमध्ये मिना दानियल होता, विशीच्या उंबरठ्यावरचा, जानेवारीपासून तहरीरमध्ये असलेला, पुढे त्याचा चेहरा झेंड्यांवर आला.

आणि आत, त्याच इमारतीत, अँकर सांगत होती की कॉप्ट निदर्शक लष्करावर हल्ला करतायत. खाली पट्टी फिरत होती की तीन जवान ठार झाले. आणि मग 'सज्जन नागरिकांना' आवाहन केलं गेलं की लष्कराचं रक्षण करायला या. मारणाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची सरळ अदलाबदल करून ते देशभर लाइव्ह दाखवलं गेलं.

लोक खरोखर आले, काठ्या घेऊन आले. रामसेस रस्त्यावर, आजूबाजूच्या गल्ल्यांत ख्रिश्चन शोधत फिरले. कॉप्टिक हॉस्पिटलवरसुद्धा हल्ला झाला, जिथं प्रेतं आणि जखमी आणले जात होते. त्याच रात्री जवान दोन चॅनलांच्या ऑफिसमध्ये घुसले, अल-हुर्रा आणि क्रांतीनंतर निघालेलं २५ जानेवारी हे चॅनल, आणि प्रक्षेपण थांबवलं. म्हणजे एक आवाज वाढवायचा आणि बाकीचे दाबायचे, दोन्ही एकाच वेळी.

आवाहन ऐकून बाहेर पडलेल्या त्या माणसांचा मी पुष्कळ विचार केलाय. त्यातले काही भाडोत्री असतील, पण सगळे नसणार. फेब्रुवारीत ज्यांनी रणगाड्यावर चढून जवानांना मिठ्या मारल्या त्यातलेही कुणी असतील. लष्कर म्हणजे आपलं, लष्करानं आपल्याला मुबारकपासून सोडवलं, आणि आता त्यावर कुणीतरी हल्ला करतंय असं टीव्ही सांगतोय. शेजाऱ्याबद्दलचा जुना संशय मनात होताच. टीव्हीला नवीन काही पेरावं लागलं नाही, आधीच कोरडं पडलेलं गवत होतं त्यावर काडी टाकायची होती.

दवाखान्यातली रात्र

या प्रकरणातला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग इथं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कॉप्टिक हॉस्पिटलमध्ये प्रेतं ठेवलेली, शवागारात बर्फ पुरत नाही, आई-बाप रडतायत, त्यांना लवकरात लवकर पोराला माती द्यायचीय, पुरोहितही म्हणतायत लवकर उरकू, अन्याय देव बघेल. आणि काही कार्यकर्ते आणि वकील त्यांना एकेकाला विनवतायत की पोस्टमॉर्टेम होऊ द्या. त्यात अला अब्द अल-फत्ताह होता, मुसलमान घरातला, नावाजलेला ब्लॉगर. पोस्टमॉर्टेमशिवाय पुरलं तर उद्या कागदावर काहीही लिहितील, हे त्यांना खालेद सईदच्या त्या पुडीच्या अहवालानं शिकवलं होतं. ज्यांचं मूल समोर पडलंय त्यांना चिरफाडीला हो म्हणायला लावणं किती अवघड असेल. तरी बऱ्याच घरांनी हो म्हटलं, डॉक्टर हॉस्पिटलमध्येच आले, आणि कागदावर आलं की काहींना गोळ्या लागल्यात आणि काही गाडीखाली चिरडले गेलेत.

तीन दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, लष्कराच्या जनरलांनी पत्रकार परिषद घेतली आणि सांगितलं की जवानांकडे जिवंत काडतुसं नव्हती, गाड्या मुद्दाम कुणावर घातल्या नाहीत, उलट ड्रायव्हर लोकांना चुकवत होते. तोवर पोस्टमॉर्टेम झालेलं होतं आणि क्लिपा फिरत होत्या. तीन जवान मेल्याची बातमीही मागे घ्यावी लागली, निवेदक भावनेच्या भरात होते असं कारण दिलं गेलं. एवढ्या मोठ्या खोट्याला एवढंसं कारण.

पण सत्य बाहेर आलं म्हणून न्याय झाला असं नाही. ३० ऑक्टोबरला लष्करी वकिलांनी अलालाच आत टाकलं, आरोप काय तर मास्पेरोत चिथावणी दिली. नागरिकाला लष्करानं तपासायचा अधिकार मला मान्य नाही म्हणून त्यानं उत्तरं द्यायला नकार दिला. त्याचा मुलगा जन्मला तेव्हा तो तुरुंगात होता, मुलाचं नाव ठेवलं खालेद. डिसेंबर अखेर सुटला. २०१२ मध्ये तीन साध्या शिपायांना निष्काळजीपणाबद्दल दोन-तीन वर्षांच्या शिक्षा झाल्या, हुकूम देणारं कुणीच नाही. स्क्रीनवरून आवाहन करणाऱ्या संस्थेचं काही बिघडलं नाही.

भिंती, चादरी आणि प्रोजेक्टर

त्यानंतरचे तीन-चार महिने मात्र विलक्षण होते. ऑक्टोबरमध्येच युसरी फौदा या नामवंत पत्रकारानं दबाव येतोय म्हणून ओएनटीव्ही या खासगी चॅनलवरचा आपला कार्यक्रम स्वतःच थांबवला, नरम करून चालवण्यापेक्षा बंद केलेला बरा म्हणून. नोव्हेंबरात तहरीरला लागून असलेल्या मोहम्मद महमूद रस्त्यावर पोलिसांशी चकमकी, छर्ऱ्यांनी डोळे गेलेले तरुण. डिसेंबरात कॅबिनेटच्या इमारतीजवळ जवानांनी एका मुलीला फरपटत नेऊन तुडवलं, तिचे कपडे वर गेलेले, तो फोटो तहरीर नावाच्या नव्या पेपरनं पहिल्या पानावर छापला आणि वर एकच शब्द, काझेबून, म्हणजे खोटारडे. काही दिवसांत हजारो बायका रस्त्यावर उतरल्या.

त्या शब्दावरून एक मोहीम उभी राहिली. कल्पना अगदी साधी, लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर आणि एखादी चादर किंवा भिंत, आणि वस्तीतल्या चौकात जाऊन फुटेज दाखवायचं. एका बाजूला जनरलचं बोलणं, लगेच पुढे त्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं ते. कुठलं ऑफिस नाही, कुणी प्रमुख नाही, ज्याला जमेल त्यानं आपल्या गल्लीत करायचं. कारण त्यांना कळलं होतं की यूट्यूबवर जे आहे ते फक्त यूट्यूब बघणाऱ्यांनाच दिसतं, आणि मास्पेरोचा टीव्ही ज्या घरात लागतो त्या घराच्या दारात जाऊनच हे दाखवायला हवं. काही ठिकाणी लोक चिडून अंगावर आले, काही ठिकाणी बघत थांबले आणि वाद घालायला लागले. पाच माणसं रस्त्यात थांबून राजकारणावर वाद घालतायत, हे आणीबाणीच्या कायद्याखाली वाढलेल्या पिढीसाठी किती मोठं होतं ते आपल्याला पटकन समजत नाही. मला विचाराल तर सार्वजनिक आयुष्य बदललं म्हणजे हेच बदललं. मोसिरीन नावाचा गट होता, फुटेज गोळा करायचे, कापून-जोडून परत लोकांना द्यायचे, कॅमेरा कसा धरायचा तेही शिकवायचे. नावात श्लेष आहे, मिस्र म्हणजे इजिप्त आणि मोसिरीन म्हणजे हट्टाला पेटलेले.

भिंतींवरही हेच चाललं होतं. कैरोच्या झमालेक भागात पुलाखाली गंझीर या कलाकारानं मे २०११ मध्ये एक रणगाडा काढलेला, समोर सायकलवर पाव घेऊन चाललेला पोरगा. मास्पेरोनंतर दुसऱ्या कुणीतरी त्या रणगाड्याखाली चिरडलेली माणसं आणि रक्त काढलं. मग लष्कराच्या बाजूच्या पोरांनी येऊन ती माणसं पुसली, रणगाडा तेवढा ठेवला. मग परत कुणीतरी येऊन रंगवलं. अख्ख्या देशाचं भांडण त्या एका भिंतीवर दिसत होतं.

मग राहिलं काय

हे लिहिताना मला सगळ्यात जड जातं ते २०१३. जुलैत लष्करानं निवडून आलेले मुस्लिम ब्रदरहुडचे राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांना हटवलं, त्याच रात्री इस्लामी चॅनलं बंद झाली, आणि १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात धरणं धरून बसलेल्या त्यांच्या समर्थकांपैकी एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली. या वेळी ती भाषा बोलायला एकटं मास्पेरो नव्हतं, खासगी चॅनलंही तेच बोलत होती, क्रांतीनंतर निघालेलीसुद्धा. आणि मास्पेरोच्या वेळी ज्यांनी आवाज उठवला त्यातलेही कितीतरी गप्प राहिले किंवा टाळ्या वाजवत होते, कारण मरणारे दुसरे होते. त्यानंतर जमावांनी राग काढला तो डझनावारी चर्च जाळून, म्हणजे सूड उगवला गेला तो परत कॉप्टांवर. ज्यानं २०११ चं फुटेज बघितलं होतं तोही २०१३ ला फसू शकला, हे मला अजून पचत नाही. खोटं ओळखायला शिकणं आणि आपल्या विरोधकाबद्दलचं खोटं ओळखायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकायला त्या समाजाला वेळच मिळाला नाही.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २०१३ ला निदर्शनांवर बंधनं घालणारा कायदा. २०१४ मध्ये बासेम युसूफचा कार्यक्रम बंद. २०१७ पासून न्यूज साइट ब्लॉक, त्यात मदा मस्रही, जी तरुण पत्रकारांनी २०१३ च्या जूनमध्ये उभी केली आणि ब्लॉक होऊनही चालवत राहिले. २०१८ च्या कायद्यानं ५००० च्या वर फॉलोअर असलेलं साधं अकाउंटसुद्धा मीडिया धरून नियंत्रणाखाली आणलं. म्हणजे क्रांतीनं प्रत्येक फोनवाल्याला पत्रकार केलं हे सरकारनं एका अर्थी मान्यच केलं, आणि म्हणूनच त्याला पकडायचा कायदा केला. अलाची २०१३ नंतरची बहुतेक वर्षं तुरुंगात गेली. मोहम्मद महमूद रस्त्यावरच्या चित्रांची भिंत २०१५ ला अंशतः पाडली. मास्पेरोमागची जुनी वस्ती, ज्या गल्ल्यांत त्या रात्री लोक लपले आणि ज्या गल्ल्यांतून लोक काठ्या घेऊनही आले, ती २०१८ मध्ये भुईसपाट झाली.

त्याच २०१८ च्या जानेवारीत मोसिरीनच्या लोकांनी त्यांच्याकडचं सगळं कच्चं फुटेज इंटरनेटवर उघडं केलं, कुणीही बघावं, कुणीही उतरवून घ्यावं असं. नाव ठेवलं ८५८, कारण तेव्हा ते तेवढे तास होतं. चौकातल्या घोषणा, कामगारांचे संप, शवागाराबाहेर उभी माणसं, आणि ९ ऑक्टोबरची ती संध्याकाळही, कुणाच्यातरी थरथरत्या हातातली.